टोटल लॉस

चिखली,
१९ जानेवारी २०२५, रविवार

ती. छबूआक्का,

वाकून नमस्कार. तिळगूळ इथूनच देते, गोड मानून घ्या. तूर निघाली का? थंडीत तुमचे गुडघे धरतात, शेक घेत जा. इकडे मी बरी आहे.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही ‘कशी आहेस’ विचारता, मी ‘बरी’ म्हणते आणि मग दोघी गप्प बसतो. तुमचा ज्ञानू गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच उरलंय. कागदावर तसं गप्प बसता येत नाही. चष्मा लावून सावकाश वाचा.

सोपानरावांच्या ऑफिसात आता मी चांगली रुळले आहे. तेच, ज्यांनी आपल्या गाडीच्या विम्याचं काम करून दिलं होतं आणि मग मलाच कामावर ठेवून घेतलं. भला माणूस. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून महिनाभर ऑफिस माझ्यावरच आहे. चिखलीत घरं वाढली तशा गाड्या वाढल्या, आणि गाड्यांचे विमे. दिवसभर एकच प्रश्न ऐकते, ‘माझा हप्ता शेजाऱ्यापेक्षा जास्त का?’ मग मी समजावते. गाडी किती वर्षांची आहे, तिची आजची किंमत किती धरली, गॅसचं किट बसवलंय का, मागे क्लेम घेतलाय का, मध्ये विमा बंद पडला होता का, सगळं बघतात. एक गोष्ट मात्र कुणाला चटकन पटत नाही. क्लेम न घेतल्याबद्दल जी सूट मिळते ती गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तर ती सूट जुना मालक आपल्याबरोबर घेऊन जातो. गाडीला जे झालं ते मात्र गाडीबरोबरच राहतं.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? सांगते.

मागच्या आठवड्यात मोशीचं एक कुटुंब आलं. गणराज नाव, चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. बरोबर बायको प्राजक्ता, कडेवर तीनेक वर्षांची पिंकी आणि म्हातारी आई रुक्मिणीबाई. मूळ मोशीचीच शेतकरी माणसं. जमिनीवर आता सोसायट्या उभ्या आहेत, पण म्हातारीच्या बोलण्यातला गाव तसाच आहे. गणराज खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “मॅडम, गाडी घेऊन चार महिने झाले. तीन कंपन्यांनी फुल इन्शुरन्स नाकारला. नुसता थर्ड पार्टी देतात. कारण विचारलं तर कुणी बोलत नाही. सेकंडहँड असली म्हणून काय झालं? चकाचक गाडी आहे राव!”

मी म्हटलं, थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्याचं बघतील, तुमच्या गाडीचं नाही. “तेच तर,” तो म्हणाला. “घरची माणसं बसतात गाडीत.”

मी कॉम्प्युटरवर नंबर टाकायला घेतला. तो एकेक आकडा सांगत होता आणि मी टाइप करत होते. शेवटचे दोन आकडे त्याने सांगायच्या आधीच माझ्या बोटांनी दाबले.

आक्का, ती आपली गाडी होती.

तळेगाव रस्त्यावर तुमच्या भावाला घेऊन ट्रेलरखाली गेलेली. तुम्हीच तर तेव्हा पोलीस चौकीच्या आवारात ती पाहिली होती आणि मला पाहू दिली नव्हती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पाऊणपटीवर गेला की कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणते. म्हणजे त्यांच्या लेखी ती गाडी मेली. पैसे देतात, सांगाडा भंगारवाला उचलतो. मी तेव्हा कुठे कुठे सह्या केल्या मला आठवत नाही. तो सांगाडा कुणीतरी सरळ केला, रंगवला आणि त्याच नंबरावर ह्या माणसांना विकला.

गाडी खाली उभी होती. नियमाप्रमाणे फोटो काढले. पांढरीशुभ्र दिसते. मी आत बसले नाही. त्यांना काही बोललेही नाही. सोपानराव आले की तेच सांगतील रीतसर. मी आपलं तुम्हाला कळवलं, एवढंच.

उन्हात बसत जा. पाणी तापवूनच प्या.

तुमची,
स्वरूपा


चिखली,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

नमस्कार. तुमचा फोन आला तेव्हा मी जिन्यात उभी होते, म्हणून नीट बोलले नाही. तुम्ही म्हणालात, “स्वरूपा, तुझा आवाज बदललाय. लग्नानंतर पहिल्या वर्षी असा होता.” तुम्हाला कसं कळतं हो सगळं?

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. मी गाडीत बसले होते.

विमा बंद पडलेल्या गाडीची तपासणी करताना चालकाच्या जागी बसून गाडी सुरू करावी लागते, आकडे दिसतील असा व्हिडिओ घ्यावा लागतो. ते काम माझंच. दार उघडून बसले तर माझे पाय कशालाच पोचेनात. सीट पार मागे सरकलेली. खिडकीतून गणराज हसला. तो माझ्याहून बोटभर उंच, जास्त नाही. म्हणाला, “मी रोज पुढे घेतो मॅडम, आणि रोज सकाळी सीट मागेच असते. आधी वाटायचं मेहुणा गुपचूप गाडी फिरवतो. चावी उशाखाली घेऊन झोपायला लागलो, तरी तेच.”

तुमचा ज्ञानू दाराच्या चौकटीत वाकून यायचा, आक्का. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे म्हणून सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे असायची.

मी चावी फिरवली. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं आणि तरी पट्टा लावा, पट्टा लावा म्हणणारी टुणटुण सुरू झाली. ती सीटवर माणूस बसलं तरच वाजते. गणराजने खिडकीतून हात घालून त्या रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. लगेच शांत. “असंच करावं लागतं,” तो म्हणाला. “सेन्सर गेला असेल.”

मागून रुक्मिणीबाई बोलल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. “सेन्सर न्हाई नि फिन्सर न्हाई. तितं कुनीतरी बसतंय. म्या एकदा बसले व्हते, तर कुनाच्या तरी मांडीवर बसल्यावानी झालं. म्या मागंच बसते बाई. पर मानूस भला हाय. तरास न्हाई त्याचा.”

प्राजक्ता ओशाळून म्हणाली, “आईंचं काही मनावर घेऊ नका.”

आणि मग वास आला. हे कंपनीतून घरी आले की अंगाला यायचा तोच, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा, गोडसर आणि जरासा कडवट. कितीही साबण लावला तरी मानेपाशी राहायचा. मी तो उशीच्या अभ्र्यात जपून ठेवला होता, पण गेल्या पावसाळ्यात तो उडाला. तो गाडीत होता, आक्का. काच खाली केली तरी होता.

मी किती वेळ बसले माहीत नाही. गणराजने काचेवर टकटक केलं.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, फोटो नीट आले नाहीत, पुन्हा या. पुन्हा आले तेव्हा म्हटलं, कंपनीला चासीवर कोरलेल्या नंबराचा जवळून फोटो हवाय, गाडी दोन तास इथेच ठेवा. त्यानंतर आणखी काही काढलं. दर खेपेला मी आत बसते. ऑफिसला कुलूप लावून दुपारच्या उन्हात बसते. शेजारी बसते, चालकाच्या जागी नाही. ती जागा ह्यांची. टुणटुण वाजू देते, पट्टा लावत नाही. घरी कशी माझ्या बडबडीवर ‘हं, हं’ करायचे ना, तसंच वाटतं. एकदा मी हसलेसुद्धा. पंक्चरवाला वळून बघायला लागला.

रुक्मिणीबाईंचा माझ्यावर लोभ जडलाय. परवा जेवायला नेलं. मी म्हटलं, रथसप्तमी झाली, आता कसलं निमित्त? तर म्हणाल्या, “भूक हे निमित पुरं न्हाई व्हय?” त्यांना माझं काही माहीत नाही, माझा नवरा गेलाय एवढंच. जाताना-येताना गाडीतून सोडतात. पिंकीला पुढे बसायला आवडतं. प्राजक्ता पट्टा अडकवून तिला मांडीवर घेऊन बसते, तेव्हा टुणटुण वाजत नाही आणि मला, कसं सांगू, हेवा वाटतो.

तुम्ही म्हणाल, स्वरूपा, ही माणसं फसली आहेत, त्यांना सांग. मला कळतं ते. चिरडलेली गाडी आतून कशी असेल हेही कळतं, माझं कामच ते आहे. पण सांगितलं की ते गाडी मोडीत काढतील. पुन्हा एकदा. आणि ह्या खेपेला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असेल.

सोपानराव पुढच्या आठवड्यात येतात. त्यांनी नंबर पाहिला की संपलं. तोवर तुम्ही येऊन जाल का? एकदा बसून बघा, आक्का. आईमागे तुम्हीच त्याला मोठा केलात. तुम्हाला नक्की कळेल, तो आहे की मीच खुळी झाले आहे.

तुमची,
स्वरूपा


चिखली,
२३ मार्च २०२५

ती. आक्का,

नमस्कार.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे, पाडव्याआधी तुम्हाला मिळावं म्हणून. तुमची शुक्रवारची एसटी आहे हे माहीत आहे. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, “मी येते. गुडघा बरा झाला की लगेच येते. तोवर ती गाडी कुठं जाऊ देऊ नकोस.” तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी हो म्हणाले होते.

आधी घडलं ते सांगते.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी गणराज सगळ्यांना घेऊन खेडला निघाला होता, प्राजक्ताच्या माहेरी. मलाही रुक्मिणीबाईंनी ओढूनच घेतलं. सकाळचे दहा-साडेदहा, लख्ख ऊन. गणराज चालवत होता, शेजारी प्राजक्ता, मांडीवर पिंकी. मागे मी आणि रुक्मिणीबाई. मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडला आणि पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, तसा त्याने वेग घेतला. समोर लोखंडी पत्र्याची भेंडोळी लादलेला ट्रेलर होता. त्याचे मागचे दिवे लागताना मी पाहिले.

गणराजने ब्रेकवर पाय दाबला. जोरात दाबला, आणि त्या जोरानेच त्याची सीट खाडकन मागे सुटली, थेट माझ्या गुडघ्यांवर आदळली. त्याचे पाय हवेत. तो नुसता “आई, आई” ओरडत होता. स्टिअरिंगला त्याची बोटं जेमतेम लागत होती. ट्रेलर मोठा होत होत काचेत मावेनासा झाला. मला त्या भेंडोळ्यांवर खडूने लिहिलेले आकडे दिसत होते, आक्का.

गाडी थांबली.

आचका नाही, टायरचा आवाज नाही. एखाद्या माणसाने फाटकाशी आणून अलगद उभी करावी तशी थांबली. पुढे ट्रेलर हातभर अंतरावर होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने निघून गेल्या. पिंकीसुद्धा रडली नाही.

प्राजक्ताच्या दोन्ही हातांची मिठी लेकीभोवती होती. गणराजचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या दिशेने ताठ. माझे हात रुक्मिणीबाईंच्या हातात. आणि दोन सीटांच्या मधला हॅन्डब्रेक वर ओढलेला होता. पूर्ण, शेवटच्या दात्यापर्यंत.

“कुणी ओढला?” गणराजने विचारलं. “प्राजू, तू ओढलास?”

ती नुसती मान हलवत राहिली.

गाडीत तो गोड वास दाटला होता. मी दार उघडून खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि तिथेच सांगून टाकलं. गाडी कुणाची होती, कुठे काय झालं, कंपन्या का नाकारतात, मी फोटोंच्या नावाखाली काय करत होते, सगळं. ट्रकांच्या धुरळ्यात मोठ्याने बोलावं लागत होतं. असं काही ओरडून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गणराज आधी म्हणाला, “काय बोलताय ताई, असं कसं असेल?” मग तो गाडीकडे बघत राहिला. प्राजक्ता पिंकीला कडेवर घेऊन माझ्यासमोर आली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि माझी पोरगी पुढे बसत होती ते तुम्ही बघत होतात.”

“हो.”

ती रिक्षा थांबवून लेकीला घेऊन घरी गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलू नये. मी तिच्या जागी असते तर हात उचलला असता.

गाडी ओढून चिखलीच्या गॅरेजमध्ये आणली. भैरू मिस्त्रीने डॅशबोर्ड खोलला आणि आम्हाला बोलावलं. एअरबॅगच्या जागी गोणपाट आणि फोमचा गोळा कोंबला होता. तिचा धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून तार दुसऱ्याच दिव्याला जोडली होती. छताचे खांब कापून दुसऱ्या गाडीचे डकवलेले, वरून लांबीचा लेप आणि रंग. चालकाच्या सीटची खाच झिजून गेलेली, म्हणून ती मागे घसरायची. शेजारच्या सीटचा सेन्सर दाबून बसलेला, आतले स्प्रिंग तिसऱ्याच गाडीचे. आणि डॅशच्या मागे एक नळी फुटून इंजिनातलं कुलंट आत ठिबकत होतं. तोच तो वास.

मी उभी राहून ऐकत होते. एकेक करून तो माझ्या नवऱ्याला गाडीतून बाहेर काढत होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. ज्या ज्या गोष्टीला मी ‘हे आले’ म्हणत होते ती त्या लेकराच्या जिवावर उठलेली होती.

मग गणराजने विचारलं, “आणि हॅन्डब्रेक?”

भैरू गाडीखाली गेला. बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा फडक्याला हात पुसत म्हणाला, “हॅन्डब्रेकची तार जोडलेलीच नाही भाऊ. मागच्या चाकांपर्यंत गेलेलीच नाही. नुसता दांडा आहे, शोभेचा.”

“अरे पण गाडी त्यानेच थांबली!”

“त्याने थांबणार नाही.”

“मग कशाने थांबली?”

भैरूने आपले पाने पेटीत टाकले. नंतर त्याने त्या गाडीला हात लावला नाही. बिलही घेतलं नाही.

आक्का, मी खुळी झाले नव्हते. एवढं तुम्हाला सांगायचं होतं. तो होता.

सोपानरावांचं येणं लांबलं होतं, ते त्यानंतर आले. त्यांना मी स्वतःच सांगितलं. हिरव्या चष्म्याआडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “नोकरी राहील. पण ह्यापुढे गाडी तपासायला तू जायचं नाहीस.” बरोबर आहे. गणराजला घेऊन ते पोलिसांत गेले, विकणाऱ्यावर तक्रार दिली. तो गाळा बंद करून पळालाय. शोधतील तेव्हा शोधतील.

गणराज म्हणत होता, केस चालू आहे तोवर गाडी गोठ्यामागे झाकून ठेवतो. पोलिसांना फोटो आणि भैरूचा जबाब पुरेसा होता, कापायला त्यांची हरकत नव्हती, पण ठेवता आली असती. तुम्ही येईपर्यंत सहज राहिली असती. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मी एकदा जाऊन पाहिली. गोठ्यामागे निळ्या ताडपत्रीखाली होती, चाकं काढलेली, बॅटरी काढलेली. मी जवळ गेले आणि ताडपत्रीच्या आतून टुणटुण ऐकू आली. बॅटरी नसलेल्या गाडीतून. मला आत बोलावत होती असं वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी ताडपत्रीचं टोक उचललं. दाराच्या कडीवर हात ठेवला. तेवढ्यात घराच्या बाजूने पिंकी धावत आली आणि माझ्याआधी आत शिरायला बघू लागली. “मला पन, मला पन,” म्हणाली. मी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती रडायला लागली. तिला उचलून घरात नेऊन दिलं. प्राजक्ताने तिला माझ्या हातून घेतलं, दार लावलं.

मी ओट्यावर बसले. रुक्मिणीबाई शेजारी येऊन बसल्या. मी म्हटलं, “आई, तो वाईट नाही हो. त्यानेच वाचवलं सगळ्यांना.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “त्येनं वाचवलं. पर त्येला किती येळा वाचवायला लावशील? दमला आसंल की गं त्यो.”

मी त्याच संध्याकाळी गणराजला म्हटलं, कापून टाका. मी येते बरोबर.

आणि तुम्ही यायच्या आधी कापा, हे मी मनात म्हटलं. कारण तुम्ही बसला असतात, आणि तुम्ही ‘आहे गं, माझा ज्ञानू आहे’ म्हणाला असतात, आणि मग आपण दोघींनी मिळून ती गाडी कधीच कापू दिली नसती. ताडपत्रीखाली आपण दोघी बसून राहिलो असतो, आक्का. मला ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं की त्याचीच भीती वाटली. सर्वांत जास्त भीती ह्याची वाटली की ते चित्र मला हवंसं वाटत होतं.

परवा शुक्रवारी झालं. चाकणच्या पुढे सरकारमान्य केंद्र आहे, तिथे गाडी नेली. आधी त्यांनी चासीवरचा नंबर कापून तेवढा तुकडा गणराजच्या हातात दिला, म्हणजे तो नंबर पुन्हा कुठल्या गाडीवर चढू नये. मग यंत्राने छत धरलं. रुक्मिणीबाई पदर सावरून पुढे झाल्या, तिथल्या माणसाने थांबा म्हटलं तरी झाल्या, हात जोडून म्हणाल्या, “बाबा, लई सांभाळलंस. आता तू मोकळा.”

मी मागेच उभी होते. मी वाट बघत राहिले. काहीतरी होईल, वास येईल, आवाज होईल, निदान काच फुटताना वेगळी फुटेल. काही झालं नाही. पत्रा दुमडला तसा दुमडला. शेजारच्या रांगेतल्या दुसऱ्या गाड्यांसारखाच. जेवणाची सुट्टी झाली आणि यंत्र बंद करून ती माणसं डबे उघडायला गेली.

तेव्हा मी रडले. आपण त्याला नेलं त्या दिवशी मी रडले नव्हते. तुम्ही तेव्हा सारखं म्हणत होतात, रड गं, रड. ते आत्ता झालं.

तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. तुमचा त्याच्यावरचा हक्क माझ्याहून जुना आहे, आणि तुम्हाला न विचारता मी त्याला दुसऱ्यांदा जाऊ दिलं. तुम्ही रागावलात तर मी समजून घेईन. गाडीचं तिकीट रद्द केलंत तरी समजून घेईन.

पण करू नका. या. उदगीरच्या गाडीला मी निगडीला उभी राहीन. घरी पुरणाचं करीन, तुम्हाला जमेल तेवढं खा. तुम्हाला बसवायला माझ्याकडे आता काही नाही, रिक्षानेच जावं लागेल. तो कुठे असेल मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर येऊन सांगा, नसेल तर दोघी मिळून गप्प बसू. ह्या खेपेला एका घरात बसू.

तुमच्या ज्ञानूची नव्हे, तुमचीच,
स्वरूपा